टेलचं पाणी

आमच्या चिरंजीवांचा खालचा दात चार दिवस हलत होता आणि आबा त्याला सारखे 'हात लावू नको' म्हणत होते. एरवी आबांचं मत वेगळं असतं: दोरा बांधा, दाराच्या कडीला अडकवा, दार लोटा. यावेळी एवढी माया कशाला, ते रविवारी सकाळी कळलं. त्यांच्या उशीखाली एक गुळगुळीत कागद होता. दातांच्या बँकेचा. दुधाचे दात गोठवून ठेवायची बँक. तिचा माणूस आधी फोन करून आणि मग घरी येऊन, चहा पिऊन तो कागद देऊन गेला होता. कागदावर एक दात होता, दाताच्या मुळातून लाल फांद्या फुटल्या होत्या आणि त्या फांद्या सरळ एका हृदयाला जाऊन मिळाल्या होत्या. आज ठेवलेला दात उद्या रक्तवाहिनी होईल, असा एकूण मजकूर.

आबांना ते चित्र का लागलं, हे त्यांचा डावा पाय पाहिला की कळतं. त्याला अंगठा नाही. आबा दौंडला रेल्वेत इंजिनवर होते आणि रात्रपाळीत बिडीचं बंडल पुरत नसे. १९९८ साली अंगठा काळा पडला, काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, बिडी ठेवा नाहीतर पाय ठेवा. आबांनी पाय ठेवला. पण डीकॅटेगराइज झाले, इंजिनवरून उतरून लॉबीत बसले, निवृत्त होईपर्यंत. आता सदुसष्ट पूर्ण आहेत. स्टेशनकडे चालत निघाले की दोनशे पावलांवर उजवी पोटरी धरते. मग कुठल्या तरी दुकानाच्या पाट्या वाचत असल्यासारखे उभे राहतात.

ताई, म्हणजे माझी आतेबहीण, शिरूरला दातांची डॉक्टर आहे. ती त्या दिवशी यायची होतीच. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे सरपटत ती अकराला पोचली, डिकीत दहा-बारा उसाच्या कांड्या. तिने चप्पल काढायच्या आत आबांनी कागद पुढे केला.

"वाच, आणि किती वर्षांची हमी देतात ते सांग."

ताईने कागद उलटा करून मागची बारीक अक्षरं आधी वाचली. "मामा, हमी आहे ती गोठवण्याची. रक्तवाहिनीची नाही."

"म्हणजे खोटं आहे?"

"खोटं असतं तर सोपं होतं. चुलीत घातलं असतं. अर्धं खरं आहे."

आबा खाटेवर मांडी घालून बसले. इंजिनवरचा माणूस अर्ध्या खऱ्यावर गाडी सोडत नाही, तसा त्यांचा चेहरा. "खरं अर्धं आधी सांग."

"आपण रूट कॅनल करतो तेव्हा लोक म्हणतात 'नस काढली'. नुसती नस नसते ती. आत मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, आणि हे सगळं आत येतं मुळाच्या टोकाच्या एका भोकातून, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. २००० साली अमेरिकेत काही संशोधकांनी अक्कलदाढेतला हा गर घेतला आणि त्यात मूळ पेशी आहेत असं दाखवलं. मूळ पेशी म्हणजे अजून धंदा न ठरलेल्या. पुढे त्यांच्यातल्याच सोंगताओ शी यांच्या लहान मुलीचा दात पडला. आतला लाल ठिपका बघून त्यांना वाटलं, यात काही जिवंत असेल का? होतं. २००३ साली त्यावर निबंध आला. एका दातातून जेमतेम बारा ते वीस कामाच्या पेशी निघतात, पण त्या वाढतात भराभर."

"माझा अंगठा गेला अठ्ठ्याण्णवला, पेशी सापडल्या दोन हजारला," आबा म्हणाले. "गाडी दोन वर्षं लेट."

"आजही फलाटावर लागलेली नाही, मामा."

"लागेल. तू पुढे सांग."

इथे ताईच्या आवाजात फरक पडला, तो मी टिपला. तिने पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पाहिलेल्या गोष्टीचा राग करणं तिला जमत नाही. गर बारीक करून विकरात विरघळवतात, म्हणाली. मग सुट्या पेशी प्लास्टिकच्या ताटलीत, लालसर द्रवात, ३७ अंशांवर ठेवतात. काही दिवसांनी ताटलीच्या तळाला चातीसारख्या लांबट पेशी चिकटलेल्या दिसतात. मग द्रवात व्हीईजीएफ नावाचं प्रथिन घालायचं. शरीरात जिथे प्राणवायू कमी पडतो तिथल्या पेशी हेच प्रथिन सोडून 'इकडे वाहिनी पाठवा' अशी हाक देत असतात. ती हाक रोज ऐकून यातल्या काही पेशींची वागणूक बदलते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर जी खूणप्रथिनं असतात, ती त्यांच्या अंगावर दिसू लागतात.

"आणि मग त्या पेशी एका जेलीवर टाकतात. संध्याकाळी टाकल्या तर सकाळी बघावं. एकमेकींचे हात धरून जाळी केलेली असते. मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं, आणि घरांच्या भिंती म्हणजे नळ्या. कुणी शिकवलेलं नसतं."

आबा काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातली फोडणीसुद्धा त्या वेळी थांबली होती, की मला तसं आठवतंय.

"मग अर्धं खोटं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ती जेली उंदराच्या गाठीपासून काढलेली असते. तिच्यावर इतरही पेशी जाळी करतात. आणि नळी झाली म्हणजे वाहिनी झाली का? कोटाचं अस्तर शिवलं म्हणजे कोट होत नाही. अस्तराबाहेर स्नायूचा थर लागतो, त्याला धरून ठेवणाऱ्या पेशी लागतात, नाहीतर नळी पाझरते, नाहीतर आपोआप मिटते. आणि मुख्य म्हणजे तिला चालू रक्ताशी जोडावं लागतं."

"जोडलं नाही कुणी?"

"जोडलंय. उंदरात. मिशिगन विद्यापीठात दुधाच्या दाताच्या पेशी दाताच्या चकतीत भरून उंदराच्या कातडीखाली ठेवल्या. माणसाच्या पेशींनी केलेल्या नळ्या उंदराच्या रक्तवाहिन्यांना जाऊन मिळाल्या आणि त्यांतून रक्त वाहिलं. २०१० साली छापून आलंय ते."

माझ्या आजीने माझे सगळे दुधाचे दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर फेकले. उंदीर येऊन नेतो आणि आपल्यासारखा मजबूत दात देतो, म्हणायची. विज्ञानानेही शेवटी दात उंदरालाच नेऊन दिला म्हणायचा.

आबांना आता जोर चढला होता. "उंदरात रक्त वाहिलं. म्हणजे गोष्ट होते. होते की नाही? मग माझ्या पोटरीत का नाही?"

"कारण उंदराला चमचाभर पाणी पुरतं. तुमच्या पोटरीत कालवा बुजलाय मामा. तुम्ही चाऱ्या खणायच्या गोष्टी करताय."

आमचं रान एका चारीच्या टेलला आहे. खडकवासल्याचा उजवा कालवा हवेलीतून दौंड तालुक्यात येतो, पुढे इंदापुराकडे जातो. त्याचं आवर्तन सुटलं की वरचे लोक मोटारी टाकतात, आमच्या बांधापर्यंत ओल आली तरी नशीब. त्यामुळे ताईचं हे वाक्य आबांना समजावून सांगावं लागलं नाही. पायाचा अंगठा म्हणजे शरीराचा टेल. पाणी कमी पडलं की पहिला तोच वाळतो.

तरी त्यांनी सोडलं नाही. "चारीचं पण महत्त्व असतं. कालवा बुजला तरी शेजारच्या कालव्यातून बारीक बारीक चाऱ्या काढून टेलला पाणी देता येतं. पूर्ण नाही, पीक जगण्यापुरतं."

ताई हसली. "हे तुम्ही डॉक्टरांच्या तोंडचं बोललात. हीच आशा आहे. एखादी पेशी जगायची तर केशवाहिनीपासून फार तर दोन केसांच्या जाडीइतक्या अंतरावर असावी लागते. त्यामुळे बारीक चाऱ्यांचं जाळं वाढवलं तर जखम भरते, बोट वाचतं, हे पटण्यासारखं आहे. पण आता गंमत ऐका. जपानात नाकाशिमा नावाच्या बाई आहेत, त्यांच्या गटाने २००८ साली डुकराच्या दातातल्या पेशी उंदराच्या रक्त तुटलेल्या पायात टोचल्या. रक्त वाढलं. पण नीट बघितलं तर टोचलेल्या पेशी वाहिनीच्या भिंतीत नव्हत्या. वाहिन्यांच्या शेजारी उभ्या होत्या, आणि आपल्या अंगातून ती हाक देणारी प्रथिनं सोडत होत्या. वाहिन्या केल्या उंदराच्या स्वतःच्या पेशींनी."

"म्हणजे तोडायला मजूर उंदराचेच. हा नुसता मुकादम."

"अगदी."

"अगं, मग मुकादमाचं काय होतं ते मी सांगतो. उचल घेतो आणि गायब होतो."

"तेच होतं. टोचलेल्या पेशींतल्या बहुतेक काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मरून जातात. तेवढ्यात काम उरकलं तर उरकलं."

आता या उपमेत मजा कमी आणि अर्थ जास्त होता. कागदावरच्या चित्रात दातातून फांद्या फुटून हृदयाला जात होत्या. खरं चित्र काढायचं तर दाताच्या पेशीने बांधावर उभं राहून हाळी द्यायची आणि राबायचं म्हाताऱ्या पायातल्याच पेशींनी. तो पाय कित्येक वर्षांच्या धुराने आणि वयाने थकलेला असला, तर हाळी ऐकणारं कोण असणार? हा प्रश्न मला पडला. आबांना पडला असेल, पण त्यांनी दुसरीकडूनच गाडी काढली.

"तुझ्या दवाखान्यात महिन्याला किती अक्कलदाढा निघतात?"

"पंधरा-वीस."

"जातात कुठे?"

"पिवळ्या पिशवीत. तिथून जाळायला."

"म्हणजे ज्या दाढेत ह्या पेशी पहिल्यांदा सापडल्या, ती तू जाळायला देतेस आणि मला पोराचा दात ठेवू नको म्हणतेस. लक्ष्मी केरात टाकायची आणि वर शहाणपण."

हे ताईला लागलं. ती उसाची कांडी सोलायला घेऊन बसली. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात अशाच दातांवर काम चालतं, म्हणाली. तिथे पेशींच्या संशोधनाची प्रयोगशाळा आहे. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. दाढ संशोधनाला द्यायला तिची ना नाही. "पण मामा, संशोधनाला दिलेली दाढ कुणाकडून हप्ता घेत नाही. हा कागद हप्ता मागतोय. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बँकेत ठेवायला परवानगी फक्त नाळेच्या रक्ताला. दात, नाळेची ऊती, असलं बाकी काही व्यापारी बँकेत ठेवायचं नाही, असं त्यात नाव घेऊन लिहिलंय. तुमच्याकडे चहा पिऊन गेला त्याने हे सांगितलं?"

"नाही."

"मग?"

"मग नियम चुकीचा असेल." आबा ताठ बसले. "नियम करणाऱ्यांचे पाय शाबूत असतात. तुला सिग्नलचा नियम सांगतो. ऑटोमॅटिक सिग्नल लाल लागला तर गाडी तिथेच रात्र काढत नाही. दिवसा एक मिनिट थांबायचं, रात्री दोन मिनिटं, आणि मग डोळ्यांत तेल घालून हळूहळू पुढे जायचं. नियमातच तशी सोय आहे. का? कारण सिग्नल बिघडलेला असू शकतो आणि मागे माणसं खोळंबलेली असतात. मी एक मिनिट थांबलोय का? सत्तावीस वर्षं थांबलोय."

मला हे बिनतोड वाटलं. ताईला नाही. तिचे वडीलही रेल्वेतच होते.

"हा नियम ऑटोमॅटिकचा झाला. होम सिग्नल लाल असला तर?"

आबा गप्प.

"सांगा ना."

"होमला नाही जाता येत," आबा नाइलाजाने म्हणाले. "तिथे लेखी हुकूम लागतो."

"का?"

"आत स्टेशन असतं. कुठल्या लाईनीवर कोण उभं आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही."

"पायाच्या आत काय उभं आहे ते मलाही दिसत नाही. वाहिन्या वाढवणारं तेच प्रथिन कॅन्सरची गाठसुद्धा वापरते, स्वतःला रक्त मिळवायला. तुमच्या अंगात कुठे एखादी बारीक गाठ झोपलेली असेल आणि आपण तिलाच पाणी सोडलं तर? म्हणून लेखी हुकूम. त्याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. त्यात भरती व्हा, मी सही करते. पण ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत, एवढी खूण लक्षात ठेवा."

इथपर्यंत ताई जिंकत होती. आणि मग, माझ्या मते, तिने स्वतःहून एक पत्ता टाकला, जो लपवला असता तर आबांना कधीच कळला नसता. म्हणून मला ती आवडते.

"लेखी हुकूम मिळालेली एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "दाताची नव्हे. अस्थिमज्जेच्या पेशींची. बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीने केली. पोटरीच्या स्नायूत सुया टोचून पेशी सोडतात. २०१६ साली औषध नियंत्रकांनी मर्यादित मंजुरी दिली. आजार कुठला माहितीय? बर्गर."

आबांनी मान वर केली. लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १९०८ साली ज्या आजाराचं वर्णन केलं, तो आमच्या घरात अठ्ठ्याण्णव सालापासून नावानिशी राहतो. तरुण वयात, तंबाखू ओढणाऱ्याच्या हातापायाच्या लहान-मध्यम वाहिन्या सुजून बुजत जातात.

"म्हणजे मिळतंय की!"

"त्या आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्याला, जिथे दुसरा इलाज उरलेला नाही तिथे. आणि दुसऱ्या कुणीतरी दिलेल्या, तयार करून ठेवलेल्या पेशी. स्वतःच्या नव्हे. नातवाच्या तर नव्हेच. म्हणजे या वाटेने जायचं म्हटलं तरी घरच्या डब्यात दात ठेवायचं कारण उरत नाही."

"पण वाट आहे."

"वाट आहे," ताईने मान्य केलं. "हे मी नाकारणार नाही."

"दाताचं असं एकही नाही? माणसात?"

"आहे. दाताचं दातालाच. चीनमध्ये शिआन शहरात मुलांच्या मार लागून मेलेल्या पुढच्या दातांत त्याच मुलाच्या दुधाच्या दातातल्या पेशी भरल्या. चाळीस मुलं, तीस जणांना पेशी, दहा जणांना नेहमीचा इलाज. २०१८ साली आलं ते. वर्षभराने आत गर तयार झाला, रक्तवाहिन्यांसकट, आणि दाताला पुन्हा जाणीव आली. मी ते दोनदा वाचलं. पण बघा, तिथे अंतर किती? मुळाच्या टोकापासून दोन बोटांच्या आत. आणि कोवळ्या दाताचं ते भोक अजून मोठं असतं, खालून जिवंत रक्त येऊन भिडतं. टेलला पाणी द्यायचं नाही, कालव्याच्या काठावरच वाफा आहे."

त्यानंतर दोघंही थोडी थकली. ताई मग एकदम वेगळंच बोलली, जरा चिडून. शिरूरच्या बाजारच्या दिवशी तिच्याकडे येणाऱ्या दहा बायकांतल्या कितीजणी मिश्री लावतात, हिरड्या कशा झालेल्या असतात, आणि 'सोडा' म्हटलं की कशा हसतात. तंबाखू सोडण्याइतकं स्वस्त औषध नाही, बर्गरला तर तेच पहिलं आणि तेच शेवटचं, आणि लोक मात्र दातातून वाहिन्या पिकवायच्या गोष्टी ऐकायला तयार.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी सोडली ना? एका दिवसात सोडली. लॉबीत सगळे ओढायचे, मी बडीशेप खायचो. सोडल्यावर पुढे काय, ते तुमच्या औषधात लिहिलेलं नाही. सोडणाऱ्याला नुसतं 'शाबास' म्हणता. अंगठा परत येत नाही आणि पोटरी धरायची थांबत नाही. मग माणूस कागदावरच्या फांद्या बघत बसतो. त्यात वेडेपणा आहे, मला कळतं. पण वेडेपणा तरी आहे."

ताईने ऊस बाजूला ठेवला, हात पुसले. "पाय इकडे करा."

आबांनी उजवा पाय तिच्या मांडीवर ठेवला. मामाचा पाय भाचीच्या मांडीवर, हे आमच्याकडे बरोबर दिसत नाही. भाचीच्या पाया पडायची रीत आहे. ते अवघडले. तिने दोन बोटं पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या शिरेच्या बाहेरच्या अंगाला ठेवली आणि डोळे मिटले. बोटं जरा सरकवली. पुन्हा थांबली. मग अंगठ्याचं टोक दाबून सोडलं. ते पांढरं पडलं. निरोगी बोटात दोनेक सेकंदांत लाली परत येते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मनात मोजत होतो आणि माझे सहा झाले.

"नाडी लागते का?" आबा.

"मी दात बघणारी आहे मामा. मला नीट सांगता येणार नाही." ताई पाय खाली ठेवत म्हणाली. "डॉपलरची चिठ्ठी दिली होती डॉक्टरांनी, ती कुठे आहे?"

चिठ्ठी फ्रिजवर, मॅग्नेटखाली, दिवाळीपासून. आबा तिकडे बघेनात. अजून न झालेल्या वाहिनीसाठी कागद उशीखाली, आणि आहे ती वाहिनी बघायची चिठ्ठी फ्रिजवर. ताईने ते बोलून दाखवलं नाही. मी बोलणार होतो, तिने डोळ्यांनी गप्प केलं. बुधवारची वेळ तिने तिथेच बसून फोनवर ठरवली, आणि कालवाच बुजला असेल तर फुगा घालून तो मोकळा करतात, बायपास करतात, ते आज मिळतं, एवढं दोन वाक्यांत सांगितलं.

तेवढ्यात अंगणातून आरोळी आली. चिरंजीव उसाची कांडी दाताने सोलत होते आणि दात कांडीतच राहिला होता.

आबा माझ्याआधी पोचले. पोटरी धरायला तेवढं अंतर नव्हतंच. त्यांनी कांडीतून दात उपसून काढला, पाण्याने धुतला आणि तळहातावर ठेवून ताईपुढे धरला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. खालून मूळ विरघळून गेलेलं, कडा खरबरीत, आणि पोकळीत मध्यभागी मोहरीएवढा लालभडक ठिपका.

"हेच ते?"

"हेच ते," ताई म्हणाली. तिने चष्मा वर करून अगदी जवळून पाहिलं. "तासाभरात सुकेल."

तिघांचीही डोकी त्या तळहातावर वाकली होती. मग चिरंजीवांनी माझा दात मला द्या म्हणून शर्ट ओढायला सुरुवात केली. त्यांना तो उद्या शाळेत दाखवायचा होता. कौलं आता नाहीत, वर स्लॅब आहे, फेकायचाही प्रश्न नव्हता. आबा देवघरात गेले आणि काडेपेटी घेऊन आले. आत तीन काड्या होत्या. त्या त्यांनी काढून समईपाशी ठेवल्या, पेटीत कापसाचा बोळा घातला आणि दात नातवाच्या हातात दिला.